ओरांडासाठी स्पंज फिल्टर की हँग-ऑन?

भुसावळच्या भाच्याने दोन ओरांडा गोल्डफिश आणलेत. तीन फुटी, साधारण १२५ लिटरची टाकी ठरली. गोल बाऊल मी आधीच बाद करायला लावला. अडलंय फिल्टरवर: "मामा, स्पंज घेऊ की हँग-ऑन?"

स्पंज फिल्टर टाकीत बसतो आणि एअर पंपाच्या हवेवर चालतो; हँग-ऑन टाकीच्या काठाला टांगतात, तो विजेच्या मोटारीवर चालतो. स्पंज स्वस्त, एअर पंप धरूनही. घाण उचलण्यात मात्र हँग-ऑन सरस. गोल्डफिश खातो भरपूर, घाणही तेवढीच करतो. स्पंज असला तर तळाची विष्ठा नळीने ओढून काढावीच लागते.

खरा प्रश्न आपल्या उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकणारा मासा पाहवत नाही. स्पंजला बॅटरीवरचा छोटा एअर पंप जोडता येतो. हँग-ऑन तेवढ्यात थांबलेला असतो. शिवाय जोरदार धारेत ओरांडाचं गुबगुबीत अंग लोटलं जातं.

स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

वीज वारंवार जात असेल तर स्पंजच. घरात इन्व्हर्टर असेल आणि तळ उपसायचा कंटाळा येत असेल तर हँग-ऑन, धार मंद ठेवून. आठवड्याला थोडं पाणी दोन्हीत बदलायचंच.