सिगार्रा म्हणजे रातकिडा नव्हे : मेर्सेदेस सोसाची १९८२ची मैफल

पन्नाशी उलटल्यावर स्पॅनिश शिकायला घेतलं आणि क्रियापदांच्या तक्त्यांनी जीव मेटाकुटीला आला. त्यातून सोडवलं ते अर्जेंटिनाची गायिका मेर्सेदेस सोसा हिच्या ‘मेर्सेदेस सोसा एन अर्हेन्तिना’ या जोडअल्बमने. गेले चार महिने भाकऱ्या थापताना फोनवर हाच चालू असतो.

अर्जेंटिनात १९७६मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. पुढे सोसाला ला प्लाता शहरात भर कार्यक्रमात पकडलं, मग पॅरिस, माद्रिद असा परदेशवास. फेब्रुवारी १९८२मध्ये, लष्कर अजून गादीवर असतानाच, ती परतली आणि ब्वेनोस आयरेसच्या तेआत्रो ओपेरा या नाट्यगृहात गायली. हे तिथलंच ध्वनिमुद्रण. टाळ्या ऐकताना एवढं ठाऊक असलेलं बरं.

माझं लाडकं ‘कोमो ला सिगार्रा’ (‘सिगार्रासारखी’), अर्जेंटिनाच्याच कवयित्री मारिया एलेना वॉल्शचं. कितीदा मारलं मला, कितीदा मेले, तरी इथेच आहे. वर्षभर जमिनीखाली राहून आलेल्या सिगार्रासारखी उन्हात गातेय, असा साधारण आशय. फोनवरच्या भाषांतराने ‘रातकिडा’ लिहिलं. आता रातकिडा उन्हात कशाला गाईल? शेवटी आमच्या शिकवणाऱ्या मुलीने उलगडा केला : हा सिकाडा, भर दुपारी झाडावर किर्र करणारा. आणि आपल्या मुंगी-नाकतोड्याच्या गोष्टीत स्पॅनिश मुलांना नाकतोड्याच्या जागी हीच सिगार्रा भेटते. म्हणजे गाण्यापायी उपाशी राहिली म्हणून शाळेत जिला नावं ठेवली, तीच इथे मरून पुन्हा उठते! गाणं लष्कर येण्याआधीचं आहे. पण परतून आलेल्या बाईच्या तोंडून ऐकताना तारीख कोण बघतं?

दुसरं ‘ग्रासियास आ ला विदा’, चिलीच्या व्हिओलेता पार्राचं. डोळे, कान, शब्द, थकलेले पाय, एकेकाबद्दल आयुष्याचे आभार. बाई मोठी बेरकी. कानांच्या कडव्यात रातकिडे (हे मात्र खरे रातकिडे), हातोडे, कुत्र्यांचं भुंकणं, पावसाच्या सरी असं सगळं ऐकवते आणि शेवटी हळूच प्रियकराचा आवाज आणून ठेवते. पायांचंही तेच : शहरं, डबकी, वाळवंटं, डोंगर तुडवून ते पोचतात कुठे, तर त्याच्या घरी, त्याच्या गल्लीत, त्याच्या अंगणात. गाणं १९६६चं. पुढच्याच फेब्रुवारीत पार्राने आत्महत्या केली. हे कळल्यापासून भाकऱ्या करताना मी ते लावत नाही. बसून ऐकते.

अर्जेंटिनाच्याच लेओन हिएकोचं ‘सोलो ले पिदो आ दियोस’ही यात आहे, युद्धाबद्दल माझं मन निर्ढावू देऊ नकोस, एवढंच देवाकडे मागणं. मैफलीनंतर दोन महिन्यांच्या आत माल्विनास (फॉकलंड) बेटांसाठी ब्रिटनशी युद्ध पेटलं.

सोसाचा आवाज खर्जातला, भरदार, आणि उच्चार इतके स्वच्छ की नवशिक्यालाही शब्द सुटे ऐकू येतात. मोहापायी तबकड्यांची जुनी प्रतही मागवली, तर आतला गीतांचा कागद गायब. विचारलं तर विकणारा म्हणतो, ‘काकू, गाणी तर सगळी आहेत ना?’ अर्धा तारा त्या कागदाचा कापलाय. साडेचार.