ग्रिफिथ्सची गणितं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डेव्हिड ग्रिफिथ्स यांचं क्वांटम मेकॅनिक्सचं प्रास्ताविक पुस्तक (तिसरी आवृत्ती, २०१८, सहलेखक डॅरेल श्रोटर) वाचायला फार सोपं आहे, आणि तीच त्याची गोम आहे. प्रकरण संपतं तेव्हा सगळं कळलेलं असतं. वही उघडली की तिसऱ्या ओळीत गाडी अडते. मजकूर एकदा वाचा, वेळ गणितांना द्या. एक तारा असलेलं गणित वगळू नका. तीन ताऱ्यांचं एखादं अख्खा रविवार खातं.

निम्मा वेळ दुसऱ्या प्रकरणावर गेला तरी चालेल. अनंत खोल विहीर (दोन अभेद्य भिंतींमध्ये कोंडलेला कण), रुंदी ए, सुरुवातीचं वेव्ह फंक्शन (कणाची अवस्था सांगणारं फंक्शन) एक्स गुणिले (ए वजा एक्स). एच-बार (प्लँकचा स्थिरांक भागिले २ पाय) वर्ग भागिले एम-ए-वर्ग (एम म्हणजे कणाचं वस्तुमान) हे एकक धरलं तर ऊर्जेची सरासरी ५ येते. ग्राउंड स्टेटची, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेची, ऊर्जा ४.९३. इथवर सगळे पोचतात. आता एच-वर्गाची सरासरी काढा (एच म्हणजे हॅमिल्टोनियन, ऊर्जेचा ऑपरेटर). एच एकदा लावला की विहिरीत नुसता स्थिरांक उरतो, पुन्हा लावला की शून्य. म्हणजे व्हेरियन्स (वर्गाची सरासरी वजा सरासरीचा वर्ग) उणे २५! चूक डेरिव्हेटिव्हमध्ये नाही. तो स्थिरांक भिंतींपाशी शून्य होत नाही, त्यामुळे त्यावर एच पुन्हा असा लावताच येत नाही. एक एच डावीकडच्या फंक्शनवर, एक उजवीकडच्या, मग इंटिग्रल: ३०. व्हेरियन्स ५. हर्मिशियन (ऑपरेटर डावीकडच्या फंक्शनवर लावा की उजवीकडच्या, इंटिग्रल तेच) या शब्दाचा अर्थ इथे जेवढा कळतो तेवढा व्याख्येतून कळत नाही.

दुसरा सापळा: कण ग्राउंड स्टेटमध्ये असताना भिंत अचानक सरकून विहीर दुप्पट रुंद होते. नव्या विहिरीच्या एन क्रमांकाच्या अवस्थांच्या सहगुणकांचं सर्वसाधारण सूत्र काढलं की एन = २ ला शून्य भागिले शून्य येतं, आणि बरेच जण ते पद शून्य धरून पुढे जातात. ते इंटिग्रल वेगळं करा. संभाव्यता बरोबर निम्मी येते. एन = १ ची ०.३६, एन = ३ ची ०.१३. बेरीज तीन पदांतच ०.९९ होते. ०.४९ वर अडकलात तर निम्मं कुठे हरवलं ते लगेच दिसेल.

डेल्टा विहिरीत (एकाच बिंदूपुरती विहीर) फार काही बिघडत नाही. फक्त आल्फाचं, म्हणजे तिच्या ताकदीचं, एकक ऊर्जा गुणिले लांबी आहे हे विसरू नका.

तक्रार एकच: मागे उत्तरं नाहीत. फिरत असलेली उत्तरांची पीडीएफ उघडण्याआधी एकक, बेरीज आणि सिमेट्री तपासा. जॅमच्या (एमएस्सीसाठीची आयआयटींची प्रवेश परीक्षा) तयारीला मात्र हे एकटं पुरत नाही. पुस्तकातली विहीर शून्यापासून ए पर्यंत असते, प्रश्नपत्रिकेतली बरेचदा उणे ए/२ पासून अधिक ए/२ पर्यंत. तिथे पाठ केलेला साइन ठोकला की ग्राउंड स्टेट चुकलीच. ती कोसाइन असते.