आमच्या गल्लीतलं रेशन दुकान : पाचपैकी साडेतीन तारे

केशरी कार्ड, घरात पाच माणसं, माणशी पाच किलो. म्हणजे महिन्याला पंचवीस किलो धान्य. आधी गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून सगळंच फुकट. त्यामुळे भावाबद्दल बोलायची सोय नाही, बाकीचं सांगते.

पहिलं दुखणं अंगठा. भांडी घासून माझ्या रेषाच गेल्यात, पॉस मशीन ओळखच देत नाही. दुकानदार म्हणतो, "मावशी, डोक्याला पुसून लावा." केसाच्या तेलाने खरंच लागतो. सर्व्हर बंद असला की मात्र तेलाचाही उपयोग नाही, उद्या या.

दुसरं वजन. मागच्या महिन्यात घरच्या काट्यावर पोतं भरलं चोवीस किलो दोनशे. परत गेले तर म्हणे, "ओतताना सांडतं." आठशे ग्रॅम? पावती पुढे धरली तेव्हा मुकाट्याने भरून दिलं. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, मागाच.

तांदूळ बरा. त्यात थोडे पिवळट दाणे असतात, धुताना वर तरंगतात. शेजारीण प्लास्टिक समजून वेचून टाकायची. ते लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून तांदळाच्याच पिठाचे केलेले दाणे असतात, शंभराला एक. एवढं पाटीवर लिहायला काय होतं?

सासूबाई मात्र पाचाला पाच देतात. १९७२च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या. कामावर सुकडी म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा, आणि रेशनला अमेरिकेची मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी. "थापता थापता भाकरी मोडायची. अन् त्यासाठीबी रांग. मुंबईला बोट लागली म्हंजी आमची चूल," म्हणतात. यावर मी काय वाद घालणार?

आणि एप्रिल २०२० मीही विसरलेले नाही. पोराचं काम बंद, घरात पैसा नाही. याच दुकानातून नेहमीच्या धान्यावर माणशी पाच किलो तांदूळ जादा आला, फुकट. तेव्हा गावात लुटालूट झाली नाही, याचं श्रेय मी बंदोबस्तापेक्षा त्या पोत्यांना देते. दुकानदार तोंडाला रुमाल बांधून दिवसभर मापत होता, तेही खरं. अर्धा तारा त्याचा.

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, पिशवी घरची न्या. सासूबाईंना बरोबर नेऊ नका, त्या त्याचीच बाजू घेतात.