दहा महिने वापरलेलं लाकडी क्लिक पेन, आणि ते न फोडता उघडायचं कसं

गेल्या ऑक्टोबरात दोन पेनं मागवली होती, लेथवर कातलेली, एक फणसाच्या लाकडाचं माझ्यासाठी आणि एक शिसवी बाबांसाठी. १४५० ला एक. किट (पेनाच्या तयार धातूच्या भागांचा संच), प्लेटिंग (त्यांवरचा मुलामा) वगैरे सगळं ज्यांना माहितीय त्यांच्यासाठीच लिहितोय त्यामुळे त्यात शिरत नाही. दिसायला सुंदर, हातात वजन छान, फणसाचा पिवळा रंग आता हळूहळू मधासारखा व्हायला लागलाय. हे सगळं मान्य. पण जूनमध्ये दोन्ही पेनांचं क्लिक अडकलं, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विषय आहे की हे पेन उघडायचं कसं.

आमचं देवगडात कलमांचं काम. मार्च ते मे पेट्या भरताना एका हातात आंबा नाहीतर पेटी असते, दुसऱ्या हाताने लिहायचं, चार डझनी किती पाच डझनी किती, कोणाची पेटी कुठे गेली. टोपणाचं पेन असलं की टोपण गवतात हरवलंच म्हणून समजा. त्यामुळे क्लिक पेन पाहिजेच, आणि या पेनाने पूर्ण सीझन एकदाही दगा दिला नाही हेही प्रामाणिकपणे सांगतो. आत पार्कर टाइपची रिफिल बसते, ९८ मिमीची, पार्करच्या १९५४ च्या जॉटर पेनापासून चालत आलेलं माप, त्यामुळे रिफिलीसाठी कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

जूनमध्ये बटण दाबलं की खाली जाऊन तिथेच बसायला लागलं. दोन-चारदा दाबल्यावर वर यायचं, मग तेही बंद झालं. विकणाऱ्यांना फोन केला तर म्हणाले मेकॅनिझम गेलं, बदलावं लागेल, ३५० प्लस दोन्हीकडचं कुरियर. दोन पेनांचं करून जवळपास हजार! मी म्हटलं मेकॅनिझम पाठवा मीच बदलतो, तर म्हणाले नको, ते फिक्स केलेलं असतं, तुम्ही उघडायला जाल आणि लाकूड फुटेल. मला याचाच राग आला. बॉलपेनच्या आत असतं काय, रिफिल, स्प्रिंग आणि एक दातेरी चक्री, ती उघडता येऊ नये अशी का बसवायची?

रागाच्या भरात मी फणसाच्या पेनावर प्रयोग केला आणि नेमकं जे करू नये ते केलं. क्लिपच्या वरच्या भागाला फडकं गुंडाळलं, पक्कड लावली आणि ओढलं. रिंग तिरकी झाली, प्लेटिंगवर दातांचे ओरखडे पडले आणि लाकूड तोंडापासून रेषेरेषेने दोनेक सेंटीमीटर तडकलं. तो टक् असा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग जामसंड्याला आमच्या ओळखीच्या मेस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी पेन उजेडात धरून आत बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले, "भायरसून ओढशीत तर फुटतला, आतसून ढकल." या सगळ्या प्रकरणात मला मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

आमच्या पेनाची रचना अशी की लाकडाच्या आत पितळी नळी चिकटवलेली असते. नळीच्या दोन्ही टोकांना धातूच्या रिंगा दाबून बसवतात, खालच्या रिंगेत निबचा भाग फिरकीने बसतो, वरच्या रिंगेत क्लिप अडकलेली असते आणि तिच्यातच क्लिकचं मेकॅनिझम आट्यांनी फिरवून बसवतात. म्हणजे मेकॅनिझम ओढून निघतच नाही, ते फिरवून काढायचं! ओढलं की रिंग, क्लिप आणि लाकूड सगळ्यावर एकदम ताण येतो. क्रम असा, आधी निब, स्प्रिंग, रिफिल बाहेर (हे पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा, स्प्रिंग उडाली तर पिशवीतच राहते), मग मेकॅनिझम डावीकडे फिरवून बाहेर, आणि त्यानंतरच गरज असेल तर रिंग.

आता माझी मूळ तक्रार. बनवणाऱ्याने मेकॅनिझमच्या आट्यांनाही सुपरग्लू लावला होता. रिंगेला थोडा लावला तर समजू शकतो, पण आट्यांना कशाला? आटे असतातच उघडण्यासाठी. काकांनी सोल्डरिंगची गन क्लिपच्या खालच्या रिंगेला टेकवली, पाच-सहा सेकंद, काढली, फिरवून बघितलं, परत टेकवली. तिसऱ्या वेळी सुटलं. उष्णतेने ग्लू मऊ पडतो, पण मेकॅनिझमच्या आत प्लास्टिक असतं म्हणून गन त्याला थेट लावायची नाही. पक्कड तर अजिबात नाही, जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा आणि हाताने फिरवायचं, रबराची पकड जबरदस्त बसते. नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचा मोहही टाळा, त्यातलं अॅसिटोन ग्लू विरघळवतं तसंच वरचं पॉलिशही खातं.

माझी तिरकी झालेली रिंग काढायला त्यांनी बोथट ६ मिमी ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू वापरली. एका लाकडी ठोकळ्याला भोक पाडून पेन त्यात उभं केलं, निबच्या बाजूने बिट आत सोडला, जरा तिरका धरून रिंगेच्या आतल्या काठावर टेकवला आणि हलकेच ठोकलं. पेन फिरवलं, समोरच्या काठावर ठोकलं, परत फिरवलं. एकाच बाजूला ठोकत बसलं की रिंग कलते आणि लाकूड तिथेच जातं. पाच मिनिटांत रिंग हातात. फुटलेल्या जागी पातळ सुपरग्लू सोडून दोऱ्याने रात्रभर बांधून ठेवलं.

आणि इथे माझं मत बदललं, तेही सांगायलाच पाहिजे. मेकॅनिझम बाहेर आल्यावर बघितलं तर बटणाच्या फटीत काळपट चिकट थर. आंब्याचा चीक! देठाचा चीक लागलेल्या बोटांनी तीन महिने बटण दाबलं, तो आत उतरला, त्यावर गवताची धूळ बसली आणि पावसाची पहिली दमट हवा लागल्यावर सगळं गच्च. मेकॅनिझम गेलेलंच नव्हतं. छोट्या वाटीत स्पिरिट घेऊन त्यात बुडवून वीस-पंचवीसदा क्लिक केलं, पूर्ण वाळवलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, चालू. स्पिरिट लाकडाला लागू देऊ नका, विशेषतः लाखेचं पॉलिश असेल तर ते निघून येईल. म्हणजे अडकलं ते बनवणाऱ्याच्या चुकीने नाही, आमच्या कामामुळे, पण उघडता आलं नाही ते मात्र त्यांच्याच ग्लूमुळे. ३५० चं मेकॅनिझम लागलंच नाही, खर्च फक्त ग्लूची ट्यूब आणि स्पिरिटचा.

बाबांचं शिसवी पेन मी घरी स्वतः उघडलं. तीनदा गरम केलं, ट्यूबच्या रबराने फिरवलं, सुटलं, कुठे ओरखडा नाही. फक्त रिंगेजवळ पॉलिशवर नखाएवढा पांढुरका डाग आला, गन दोन सेकंद जास्त राहिली. निबमधली स्प्रिंग खाऱ्या हवेने गंजायला लागली होती, ती बंद पडलेल्या एका साध्या बॉलपेनातली काढून बसवली, उंची जुळली म्हणून. रिंग परत बसवायची वेळ आली तर हातोडी नको, शेगड्याच्या (म्हणजे व्हाइसच्या) दोन्ही जबड्यांना लाकडाचे तुकडे लावून हळूहळू दाबा आणि सरळ जातेय ना ते दर वेळी बघा. मेकॅनिझम परत बसवताना ग्लू लावलेला नाही, हाताने घट्ट केलंय, दीड महिन्यात एकदाही सैल झालेलं नाही.

विकणाऱ्यांना हे सगळं फोटोंसकट पाठवलं. तिसरं पेन घेईन ते आट्यांना ग्लू न लावता देणार असतील तरच, असंही लिहिलं. अजून उत्तर नाही.

फणसाच्या पेनाची भेग सध्या जवळजवळ दिसत नाही, पण पावसात लाकूड फुगलेलं असतं त्यामुळे त्यावर जाऊ नका. फेब्रुवारीत हवा कोरडी झाली की ती उघडते का ते कळेल, तेव्हा इथेच खाली लिहीन.