‘सचिनच्या वजनाची’ बॅट: खानदेशच्या उन्हात आणि मॅटिंगवर

जळगाव, धुळे, भुसावळच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत ‘भारी बॅट दाखवा’ म्हटलं की त्याचे दोन अर्थ निघतात, आणि काउंटरवर बहुतेक वेळा एकच बॅट येते. इंग्लिश विलोचं लाकूड, शॉर्ट हँडल, मेरठची बनावट, वजन 1300 ते 1400 ग्रॅम, जाडजूड एज म्हणजे कडा आणि पाठीवर उंच कणा. गिऱ्हाईक तिला सचिनच्या वजनाची बॅट म्हणतं. हे परीक्षण त्या साच्याचं आहे. कंपनी कोणतीही असो, या बॅटचे गुण आणि दोष तिच्या वजनातूनच येतात.

आधी गुण. मिडलला, म्हणजे पात्याच्या सगळ्यात जोरकस भागाला, बॉल लागला की ही बॅट वळत नाही, हातात थरथरत नाही. सरळ बॅटने नुसतं अडवलं तरी बॉल मिडऑफच्या बाजूने निघून जातो. एज जाड असल्याने मिडलच्या इंचभर बाजूला लागलेला फटकाही मरत नाही. 2017 पासून नियमाने एज 40 मिलिमीटर आणि जाडी 67 मिलिमीटरपर्यंतच चालते. घेताना पट्टीने मोजा, कारण लीगमध्ये पंचांकडे मोजमापाचा गेज असेल तर वाद नको.

आता सचिनबद्दल. त्याची बॅट तीन पौंडांहून जड असायची, म्हणजे 1400 ग्रॅमच्या आसपास, आणि त्याची स्वतःची उंची 165 सेंटिमीटर. हे गणित त्याची पकड पाहिल्याशिवाय सुटत नाही. लहानपणी तो थोरल्या भावाची, अजितची, मोठी बॅट घेऊन खेळायचा. त्यातून हात हँडलच्या तळाशी, जवळजवळ बॅटच्या खांद्याला टेकून धरायची सवय लागली आणि ती शेवटपर्यंत राहिली. हात वजनाजवळ गेले की तीच बॅट हलकी उचलते. त्यात बॅकलिफ्ट छोटी, डोकं स्थिर, खालचा हात भक्कम. म्हणून त्याचा स्ट्रेट ड्राइव्ह फटका वाटतच नाही. बॅट सरळ खाली येते, बॉलला भेटते आणि अर्ध्या वाटेत थांबते. पुढचं काम वजन करतं.

जानेवारी 2004 मधली सिडनीची नाबाद 241 ची खेळी या दृष्टीने पुन्हा पाहावी. 436 चेंडू तो खेळला आणि कव्हर ड्राइव्ह त्याने बाजूलाच ठेवला. ऑफस्टंपबाहेर बॅट फेकायची नाही, बॉल डोळ्यांखाली येऊ द्यायचा, मग सरळ किंवा लेगला खेळायचा. हात खाली धरल्याने लांबच्या बॉलपर्यंत पोहोच कमी होते, ही त्या पकडीची किंमत. इतर वेळी ती तो पायांनी भरून काढायचा, सिडनीत त्याने तो फटकाच वगळला. उलट 2003 च्या वर्ल्ड कपमध्ये सेंच्युरियनला शोएब अख्तरला थर्डमॅनवरून मारलेला षटकार घ्या. तिथे त्याने जोर लावलेलाच नाही. बॉलच्या वेगाखाली जड पातं धरलं, एवढंच. 75 चेंडूंत 98 धावांच्या त्या खेळीतला हा एक फटका जड बॅट कशासाठी असते ते नेमकं दाखवतो.

हलकी बॅट घे, असा सल्ला त्यालाही मिळायचा. त्याने वापरून पाहिली, पण जमली नाही, कारण बॅटचा सगळा झोका त्या वजनावर बेतलेला होता, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. आणि 2004 मध्ये टेनिस एल्बोने, म्हणजे कोपराच्या दुखण्याने, त्याला सामन्यांबाहेर बसवलं, हेही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी बॅट निवडताना पालकांनी लक्षात ठेवावं.

आपल्याकडचा खेळ नेमका उलटा आहे. सागर पार्कवर किंवा धुळ्याच्या गरुड मैदानावर हार्ड टेनिसवर, म्हणजे जड टेनिस बॉलवर, वाढलेली पोरं हँडलच्या टोकाला धरतात, बॅट खांद्याच्या वर नेतात आणि आडवी फिरवतात. त्या पकडीत 1380 ग्रॅमची बॅट उशिरा येते. पुलला टॉप एज लागते, ऑफच्या बाहेरचा बॉल आत ओढून दांडी जाते, आणि दहा षटकांनंतर वरच्या हाताचं मनगट पडतं. दोष बॅटला दिला जातो, पण बॅट आणि पकड एकमेकांची नाहीत, हे खरं कारण.

त्यात विकेट. सिमेंटवर काथ्याची मॅट टाकली की बॉल पोटाएवढा उसळतो. या साच्यातल्या बऱ्याच बॅटचं मिडल मात्र खाली, टोपासून (बॅटच्या खालच्या टोकापासून) सहा-सात इंचांवर असतं, कारण ती मंद, खाली राहणाऱ्या टर्फसाठी घडवलेली असते. मॅटवर तोच बॉल मिडलच्या वर, बॅटच्या खांद्याकडे लागतो आणि हात झिणझिणतात. मॅटिंगवर खेळणाऱ्याने कण्याचा फुगीर भाग टोपासून आठ-नऊ इंचांवर आहे का, ते बॅट आडवी धरून पाहावं. काळ्या मातीच्या टर्फवर खेळत असाल तर खालचं मिडल चालेल, तिथे ते हवंच.

दुकानात एकच परीक्षा करा. फक्त वरच्या हाताने बॅट धरा आणि स्ट्रेट ड्राइव्हचा झोका सावकाश दहा वेळा घ्या. सातव्या-आठव्या वेळी टो बाहेर झुकायला लागला तर ती बॅट तुमची नाही, मग ग्रेन, म्हणजे लाकडावरच्या रेषा, कितीही सुंदर असोत. स्टिकरवरच्या वजनावर विसंबू नका. दुसरी ग्रिप, पात्यावरची संरक्षक शीट आणि टोला जपणारा टोगार्ड चढवल्यावर सत्तर-ऐंशी ग्रॅम सहज वाढतात. काट्यावर स्वतः ठेवून बघा. बहुतेक क्लब खेळाडूंना 1150 ते 1190 ग्रॅम पुरतं. टेनिस बॉलला इंग्लिश विलो वाया घालवू नये, तिथे काश्मीर विलो बरी आणि खिशालाही परवडते.

सगळ्यात जास्त बॅट इथे मरतात त्या उन्हाने. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो, हवा कोरडी असते, आणि विलोतला ओलावा उडाला की लाकूड ठिसूळ होतं. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेली बॅट जूनपर्यंत एजला तडकते. जड बॅटचं लाकूड जास्त म्हणून ती टिकते, हा गैरसमज आहे.

नवी बॅट आली की घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल आणा. रंगाच्या दुकानातलं बॉइल्ड तेल नको, त्यातल्या ड्रायरमुळे वर कातडं धरतं आणि आत काही मुरत नाही. एक चमचा तेल फडक्यावर घेऊन पुढचं पातं, एज आणि टोला लावा. हँडल जिथे पात्यात बसवलंय त्या जोडाला आणि स्टिकरला लावू नका, जोडाचा गोंद सुटतो. बॅट आडवी ठेवून चोवीस तास जाऊ द्या, मग दुसरा हात. तिसरा फारच कोरडं लाकूड असेल तर. जास्त तेलाने बॅट जड आणि बहिरी होते. शीट लावायची असेल तर तेल पूर्ण मुरल्यावरच लावा, नाहीतर ती धरत नाही.

मग नॉकिंग, म्हणजे ठोकून लाकूड बॉलसाठी तयार करणं. लाकडी मॅलेटने आधी हलके, हळूहळू जोर वाढवत, चार ते सहा तास, रोज अर्धा तास केलं तरी चालेल. एजवर सरळ ठोकू नका, तिरक्या कोनात मारून ती गोल करा, कारण पहिला तडा तिथूनच जातो. टोच्या बुडाला मॅलेट लावायचं नाही. त्यानंतर जुन्या लेदर बॉलवर थ्रोडाउन (जवळून हाताने टाकलेले बॉल) घ्या. बॉलचे खोल व्रण पडले तर परत मॅलेटकडे. ‘प्री-नॉक्ड’ लिहिलेल्या बॅटलाही तासभर तरी हे करावंच लागतं.

टोगार्डशिवाय सिमेंटवर उतरू नका. स्टान्समध्ये बॅट टेकवताना सिमेंट आणि काथ्या टो किसतात, आणि उघडा पडलेला तोच टो जुलैत ओल्या मैदानावर पाणी पिऊन फुगतो. फुगलेला टो कोरडा करायला उन्हात ठेवलेली बॅट उभी चिरते. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, टो वर करून दोन-तीन दिवस ठेवली तर बहुतेक वेळा वाचते.