पहिला तांत्रिक लेख कोणता लिहावा: ‘कसं करायचं’ की ‘काय बिघडलं’?

रत्नागिरी-कुडाळकडे घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपनीचं बॅकएंडचं (सर्व्हर आणि डेटाबेसच्या बाजूचं) काम सांभाळणाऱ्यांपैकी कुणाला शिकलेलं लिहून काढायचं असेल, तर समोर साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे मार्गदर्शक लेख: पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये अमुक कसं करायचं. दुसरी म्हणजे बिघाडाची हकीकत: काय झालं, का झालं, कसं निस्तरलं.

मार्गदर्शक लेखाचा साचा तयार असतो. हे इन्स्टॉल करा, ही कमांड द्या, मग पडद्यावर असं दिसेल. मराठीत लिहिलात तर लोणेऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या कॉलेजातल्या पोरांना त्याचा खरोखर उपयोग होतो. पण असा लेख लिहून सुटका नाही. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्तीची देखभाल पाच वर्षांपुरतीच असते. एखादी सेटिंग बदलली की वाचणारा अडकतो आणि बोलणी तुम्हाला बसतात. इंग्रजीत लिहायचं म्हटलं तर गाठ थेट अधिकृत डॉक्युमेंटेशनशी, आणि पोस्टग्रेसचं डॉक्युमेंटेशन उत्तम आहे.

बिघाडाचं तसं नाही. तो तुमचाच असतो. बागेतून थेट हापूसच्या पेट्या पाठवणाऱ्याची ऑर्डर सिस्टिम घ्या. अक्षय्य तृतीयेच्या तोंडावरची गर्दी. गिऱ्हाइकाने यूपीआयने पैसे भरले, पेमेंट गेटवेने (पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेने) वेबहुक, म्हणजे ‘पैसे आले’ असा आपोआप येणारा निरोप, पाठवला, आपल्या सर्व्हरने उत्तर द्यायला उशीर केला. निरोप पोचला नाही असं समजून गेटवेने तोच पुन्हा पाठवला. कोडमध्ये ‘या पेमेंटची नोंद आधी आहे का’ ही तपासणी होतीही. पण पहिल्याचं काम अर्ध्यावर असतानाच दुसरा येऊन धडकला, नोंद दोघांनाही दिसली नाही, आणि एका पेटीच्या पैशात दोन पेट्या रवाना.

उपाय छोटा आहे. पेमेंट आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट (एकच आयडी टेबलात दोनदा येऊ न देणारा नियम), आणि इन्सर्ट करताना, म्हणजे नवी ओळ घालताना, ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’: ओळ आधीच असेल तर काही करू नकोस. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१६ साली आलेल्या ९.५ आवृत्तीपासून आहे. मात्र ओळ खरंच घातली गेली का, हे पाहूनच पेटी सोडायची. ही दुसरी पायरी हमखास राहून जाते. मार्गदर्शक लेखात हे सगळं ‘आयडेम्पोटन्सी’ (तोच निरोप कितीदाही आला तरी परिणाम एकदाच) या मथळ्याखाली वाचलं जातं आणि विसरलं जातं. फुकट गेलेली पेटी कोकणात तरी कुणी विसरत नाही.

नमुना हवा असेल तर गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेवरचा अहवाल वाचा. मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली, एवढं बहुतेकांना माहीत असतं. मला मोलाचं वाटतं ते त्यापुढचं. पोस्टग्रेस डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि त्याचा बॅकअप घेणारा पीजी-डम्प ९.२ चा, म्हणून हे बॅकअप होतच नव्हते. आणि ते कळवणारे ईमेल डीमार्कच्या (ईमेल खऱ्या पत्त्यावरून आला का हे तपासणाऱ्या पद्धतीच्या) अडचणीमुळे नाकारले जात होते. असा तपशील कुठल्याही मार्गदर्शक लेखात सापडायचा नाही.

या वाटेलाही काटे आहेत. लॉग (सर्व्हरने आपोआप ठेवलेल्या नोंदी) काही दिवसांत पुसले जातात, त्यामुळे कितीला काय झालं याचं टिपण त्याच दिवशी करावं लागतं. (जुलैत वीज आणि नेट दोन्ही गेलेलं असलं तर वहीत.) दुसरं, नोकरीच्या करारात गोपनीयतेचं कलम असतंच, लेखी परवानगीशिवाय काही बाहेर काढू नका, आणि गिऱ्हाइकाचा डेटा किंवा सहकाऱ्याचं नाव तर परवानगी मिळाली तरी नको.

शिकवण्याची हौस असेल आणि लेख दरवर्षी हाताखालून घालायची तयारी असेल, तर मार्गदर्शक लेख लिहा. नोकरी बदलायची असेल किंवा आठवड्याला जेमतेम दोन तास मिळत असतील, तर माझं मत हकीकतीला. मुलाखत घेणाऱ्याला त्यात तुमचा विचार दिसतो, कमांडच्या यादीत नाही.

कंपनी नाहीच म्हणाली, तर तोच बिघाड स्वतःच्या लॅपटॉपवर घडवा. एक टेबल, एक एंडपॉइंट (वेबहुक स्वीकारणारा पत्ता), तपासणी आणि इन्सर्टच्या मध्ये मुद्दाम दहा सेकंदांचा स्लीप म्हणजे थांबा, आणि एकच वेबहुक दोन टर्मिनलमधून कर्ल या कमांडने पाठोपाठ. टेबलात दोन ओळी दिसल्या की लेखाचा निम्मा मजकूर हातात आला, आणि त्यात कंपनीचं एक अक्षरही नाही.