रॅबिटएमक्यू की नॅट्स: मेसेजचा पत्ता कुठे राहतो?

रॅबिटएमक्यू आणि नॅट्स हे मेसेज ब्रोकर, म्हणजे एका सर्व्हिसचे मेसेज दुसरीकडे पोहोचवणारे सर्व्हर. दोन्ही प्रॉडक्शनमध्ये चालवून झालेत, म्हणून लिहितोय. वेगाची तुलना इथे करत नाही. ऑर्डर, स्टॉक, इन्व्हॉइस अशा नेहमीच्या सर्व्हिसेसना दोघांचाही वेग पुरून उरतो. काफ्का हा तिसरा पर्यायही बाजूला ठेवतो, कारण तिथे टॉपिक (मेसेजचा विषय) आणि पार्टिशन की (त्या विषयातला कप्पा ठरवणारी खूण) यांच्यापलीकडे ब्रोकर फारसं रूटिंग, म्हणजे मेसेजची वाट ठरवणं, करतच नाही. निवड करताना मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की कुठला मेसेज कुणाकडे जाणार ते कुठे ठरतं आणि उद्या ते बदलायचं झालं तर काय काय हलवावं लागतं.

रॅबिटएमक्यूची मांडणी देखणी आहे. पाठवणाऱ्याला क्यू, म्हणजे घेणाऱ्याची मेसेजची रांग, माहीत असायची गरज नाही. तो एक्स्चेंजकडे (ब्रोकरमधलं वाटप केंद्र) मेसेजसोबत रूटिंग की (टिंबांनी जोडलेल्या शब्दांचा पत्ता) देऊन मोकळा होतो आणि पुढची वाट बाइंडिंग, म्हणजे एक्स्चेंज आणि क्यू जोडणारा नियम, ठरवतं. टॉपिक एक्स्चेंजमध्ये * म्हणजे एक शब्द, # म्हणजे शून्य किंवा कितीही शब्द. हा # मधे, शेवटी, अगदी सुरुवातीलाही चालतो, त्यामुळे '#.रद्द' असं बाइंडिंग सहज करता येतं. हेडर्स एक्स्चेंज (पत्त्याऐवजी मेसेजसोबतच्या माहितीवरून वाटणारं) आहे, डेड लेटरची (न हाताळले गेलेले मेसेज बाजूला ठेवायची) सोय आहे, मॅनेजमेंटचा स्क्रीन तर उत्तमच. नव्या माणसाला तो स्क्रीन दाखवला की अर्धी सिस्टिम समजते.

मला खटकलं ते बाइंडिंगचं टिकून राहणं. आमच्याकडे इन्व्हॉइस सर्व्हिस 'ऑर्डर.#' ऐकायची. पुढे तिला फक्त पक्क्या ऑर्डरी हव्या होत्या, म्हणून कोडमधली ओळ बदलून 'ऑर्डर.*.पक्की' केली. रिव्ह्यू झाला, टेस्ट पास झाल्या, कारण टेस्टमध्ये ब्रोकर दर वेळी कोरा असतो. प्रॉडक्शनमध्ये नवं बाइंडिंग लागलं आणि जुनंही तसंच राहिलं. भाडेकरू घर सोडून गेला तरी जिन्याखालच्या पत्रपेटीवर त्याचं नाव राहतं आणि टपाल येत राहतं, तसंच. एकाच क्यूला दोन बाइंडिंगं जुळली तरी मेसेजची प्रत एकच येते, त्यामुळे काही दुप्पट होत नाही आणि शंकाही येत नाही. रद्द झालेल्या ऑर्डरी मात्र इन्व्हॉइसकडे येतच राहतात. कोड वाचून हे सापडत नाही, कारण कोडमध्ये ते बाइंडिंग आता नाहीच.

उपाय आहेत. अनबाइंडची ओळ मुद्दाम लिहायची, किंवा क्यूच्या नावातच आवृत्ती घालायची, किंवा सगळी रचना टेराफॉर्मकडे (फाइलीत लिहिलेली रचना तशीच लावणारं साधन) सोपवायची. ब्रोकरच्या रचनेची डेफिनिशन्सची फाइल इम्पोर्ट करून मात्र भागत नाही. ती नव्या गोष्टी घालते, जुन्या काढत नाही. शिस्तीच्या टीमला यातलं काही जड नाही, हे मान्य. पण ही शिस्त प्रत्येक टीमने, प्रत्येक बदलाला पाळावी लागते, आणि माझ्या पाहण्यात ती कुठेतरी सुटतेच.

याच जातीची दुसरी गोष्ट. कुठलंच बाइंडिंग जुळलं नाही तर मेसेज गुपचूप टाकून दिला जातो, आणि पब्लिशर कन्फर्म (ब्रोकरने पोच देण्याची सोय) चालू असला तरी पाठवणाऱ्याला पोच मिळते. मँडेटरी फ्लॅग लावला (मग असा मेसेज पाठवणाऱ्याकडे परत येतो) किंवा असे मेसेज घेणारं ऑल्टरनेट एक्स्चेंज जोडलं तरच कळतं.

नॅट्समध्ये सब्जेक्ट, म्हणजे मेसेजचा पत्ता, आधी जाहीर करावा लागत नाही. सर्व्हिस जोडली जाते, सब्जेक्टवर सबस्क्राइब करते, आणि कनेक्शन तुटलं की ते सबस्क्रिप्शनही जातं. कोडमधला पत्ता बदलून सर्व्हिस पुन्हा सुरू केली की जुना पत्ता उरतच नाही. माझा कल इथेच झुकला. एकाच सर्व्हिसच्या अनेक प्रतींमध्ये काम वाटायला क्यू ग्रुप पुरतो. रिक्वेस्ट पाठवली आणि ऐकणारं कुणी नसेल, तर २.२ आवृत्तीपासून टाइमआउटची वाट न पाहता लगेच तसं उत्तर येतं. सब्जेक्ट मॅपिंग वापरून ९० टक्के रिक्वेस्ट जुन्या आवृत्तीकडे आणि १० टक्के नव्याकडे वळवता येतात, तेही पाठवणाऱ्याला हात न लावता.

त्याची किंमतही आहे. साध्या नॅट्समध्ये ऐकणारा बंद असताना आलेला मेसेज गेला तो गेलाच. त्यासाठी जेटस्ट्रीम, म्हणजे नॅट्सचाच मेसेज साठवून ठेवणारा भाग, लागतं, आणि ते आलं की सर्व्हरवर टिकणारी रचनाही परत येते. फरक इतकाच, की ड्युरेबल कन्झ्युमरचा (सर्व्हरवर टिकणारी, कुणी कुठवर वाचलं त्याची नोंद) फिल्टर, म्हणजे ऐकायचा पत्ता, अपडेट केला की नवा जुन्याची जागा घेतो, शेजारी साठत नाही. कुठल्याच स्ट्रीममध्ये (जेटस्ट्रीमच्या साठ्यात) न बसणारा मेसेज जेटस्ट्रीमने पब्लिश केला तर पाठवणाऱ्याला एररही मिळते. तयार डेड लेटर क्यू मात्र नाही. डिलिव्हरीची मर्यादा संपल्याची सूचना येते, पुढचं आपण लिहायचं. ते काम कंटाळवाणं आहे.

तुमच्याकडे रॅबिटएमक्यू नीट चालत असेल, बाइंडिंगं एकाच टीमच्या हातात असतील किंवा हेडर्सवरून रूटिंग होत असेल, तर ते बदलायचं कारण मला दिसत नाही. सर्व्हिसेस वरचेवर बदलणार असतील आणि पत्ते अनेक टीम ठरवणार असतील, तर मी नॅट्सने सुरुवात करेन. फक्त सब्जेक्टमधल्या शब्दांचा क्रम पहिल्याच आठवड्यात पक्का करा. नॅट्समध्ये 'उरलेलं सगळं' सांगणारं > फक्त शेवटी चालतं, म्हणून 'ऑर्डर.पुणे.रद्द'सारख्या नावात शब्दांची संख्या ठरलेली ठेवा. नाहीतर सगळ्या रद्द ऑर्डरी ऐकायला 'ऑर्डर.*.रद्द' पुरत नाही.